बहिणीचं पहिलं तेल

कोळीवाडा, पनवेल
१२ ऑगस्ट २०२५

चि. दयाराम यास थोरल्या बहिणीचा, ठमाबायचा, पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी इथे खुशाल आहे, गुडघे सोडून. मी सांगतेय आणि नात कोमल लिहितेय. बँकेतून येऊन अजून चहासुद्धा घेतला नाही तिने, म्हणून तोंड फुगलंय. तुझे कान इंजिनाच्या आवाजाने गेले. फोनवर सांगितलेलं तुझ्या भावेशच्या तोंडून तुझ्यापर्यंत येतं, आणि पोरगा निम्मं वाटेतच गिळतो. म्हणून हा कागद.

यंदा तुझ्याकडे मोऱ्याला यायला गुडघे तयार होईनात, तर राखी आणि तेल जुलै सरता सरता पाठवून दिलं. त्याची पोच नाही. राखी आवडली नसेल, तुला भगभगीतच लागते. पण तेलाबद्दल दोन शब्द? आई तिच्या भावाच्या होडीला नारळी पुनवेआधी तेल पाठवायची, लाकडाला चोळायला. पहिलं तेल बहिणीचं, मग होडी पाण्यात. आईमागे मी तुला पाठवत आले. आता तुझी होडी फायबरची, तिला काय चोळणार? म्हणून यंदा मी डोकं चालवलं आणि इंजिनात घालायचं निळं तेल पाठवलं, भारीतलं. एकटी रिक्षाने बाजारात जाऊन आणलं. सुनेला पत्ता नाही.

आणि काल भावेश सांगतो की ऐन पुनवेला इंजिन खाडीत बसलं. कसं बसलं? तुझा होडीवरचा जोडीदार काशिराम तर तुझ्या पेट्रोलात इतकी वर्षं तेल कालवतो, आमटीत मीठ टाकावं तसं नेमकं. मग तुम्ही दोघे म्हातारे काय करत होता? सगळं लिही. मला घास गोड लागत नाही.

माया आटू देऊ नकोस.

तुझी ठमाबाय (अंगठा कोमलसमोर उठवला)


मोरा, उरण
१७ ऑगस्ट २०२५

ती. ठमाबाय हीस धाकट्या दयारामचा दंडवत. वि. वि.

पत्र पोचलं. राखी अजून हातावर हाय.

काय झालं ते लिवतो. यंदा नारळाचा मान आपल्या घराकडे होता. सगळ्या होड्या सजवून निघाल्या, सगळ्यात पुढे आमची. काशिराम नारळ घेऊन पुढे बसलेला, मी मागे इंजिनावर. धक्क्यापासून थोडं लांब गेलो नि इंजिन किरकिरायला लागलं, मग घुसमटून बंद. दोरी ओढली तर हलेना. मागून बाजावाल्यांची होडी वाजवत येतेय नि आमी नारळासकट तिवरांच्या झाडीकडे वाहत चाललो. शेवटी मागच्या होडीतल्या बळीरामनं दोर टाकून आमाला ओढत आणलं. नारळ त्याच्याच हातून गेला. धक्क्यावर बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

वर आल्यावर जो तो विचारायला लागला, तेल कुठलं घातलं, किती घातलं. मी काशिरामकडे बोट केलं. तेल तोच कालवतो, त्यानं कमी घातलं नि उरलेलं घरी नेलं, चोर हाय, असं बोललो. सगळ्यांसमोर बोललो. त्यानं हातातला पेट्रोलचा कॅन खाली ठेवला नि गेला. तवापासून धक्क्यावर येत नाय. मीही बोलावणार नाय.

इंजिन उघडून पडलंय, पिस्टन आत चिकटलाय.

तुझं तेल चांगलं होतं. तू मनाला लावून घेऊ नको.

धाकट्यावर जीव हाय तसाच राहू दे.

तुझा दयाराम


कोळीवाडा, पनवेल
२२ ऑगस्ट २०२५

चि. दयाराम यास ठमाबायचे आशीर्वाद. वि. वि.

कोमलने तुझं पत्र वाचून दाखवलं. माझं तेल चांगलं होतं, या ओळीवर ती थांबली आणि विचारते, नेमकं कुठलं तेल? मी ऐटीत सांगितलं, दोन बाटल्या आणल्या होत्या, एक त्याला, एक पुढल्या पुनवेसाठी तांदळाच्या डब्यामागे आहे. तिने ती काढली, उलटी केली आणि मागचं बारीक लिहिलेलं वाचत बसली. मग माझ्याकडे बघेना. तेव्हाच मला कळलं.

तेल स्कूटरचं आहे रे. होडीचं इंजिन पाण्याने थंड होतं, त्याचं तेल वेगळं येतं. हे घातलं की आत काजळी धरते आणि पिस्टन अडकतो. होडीच्या इंजिनात वापरू नये असं बाटलीवर छापलंय, म्हणे. बाटलीवर गाडीचं चित्र होतं ते मी पाहिलं होतं. पण तांदळाच्या गोणीवर मोर असतो, म्हणून आत मोर निघतो का?

त्याहून वाईट ऐक. दुकानदाराने मला विचारलं होतं, आजी, कुठल्या गाडीला हवंय? मी त्यालाच झापलं, की तुझा बाप चड्डीत होता तेव्हापासून आमच्या दारात इंजिनं आहेत, निळं तेल दे आणि गप बस. तो बिचारा गप बसला.

जन्मभर मी रंगावर ओळखत आले. लाल डबा चहाचा, पिवळी गोळी सकाळची. कधी चुकले नाही आणि त्याचा तोरा मिरवला. अक्षरं शिकवायला बसलेल्या कोमलला दोनदा उठवून लावलं. आता त्या तोऱ्यापायी काशिराम चोर ठरला. दयाराम, मला लाज वाटतेय. हे वाक्य कोमलने पुन्हा विचारून मगच लिहिलंय, आजीचं असं वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

आजच काशिरामकडे जा. चूक ठमीची, म्हणून सांग. माझं नाव घ्यायला लाजू नकोस.

चुकलेल्या बहिणीलाही तुझी माया लागते, विसरू नकोस.

तुझी ठमाबाय (अंगठा)


मोरा, उरण
२६ ऑगस्ट २०२५

ती. ठमाबाय हीस दयारामचा दंडवत. वि. वि.

उद्या गणपती बसायचे, घरात गडबड हाय नि मी कोपऱ्यात हे लिवतोय. काशिरामकडे गेलो नाय. का, ते सांगतो.

चूक तुझी नाय, बाय. मी चौथी शिकलोय. पिशवीतून बाटली काढली तवाच मला स्कूटर दिसली नि वाचताही आलं. भावेशही बोलला की हे आपलं नाय. काशिरामनं तर बाटली परत माझ्या हातात दिली, हे घालू नको दया, असं बोलला. मी ऐकलं नाय. पहिलं तेल बहिणीचंच जाणार, असं मी त्याला दरडावलं. तू एवढ्या हौसेनं पाठवलेलं, ते बाजूला कसं ठेवू? थोड्यानं काय होतंय, असं वाटलं. मग पुनवेपर्यंतच्या फेऱ्यांना, बाटली सरेतोवर, तेच घालत राहिलो.

धक्क्यावर विचारलं तवा तुझं नाव घेववेना. माझंही घेववेना. काशिराम समोर होता, कॅन त्याच्या हातात होता. त्याला सगळं ठाऊक असून तो गप्प राहिला. आता त्याच्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहू? रोज त्या गल्लीपर्यंत जातो नि परत येतो.

रागव, पण टाकू नको.

तुझा दयाराम


कोळीवाडा, पनवेल
४ सप्टेंबर २०२५

चि. दयाराम यास आशीर्वाद, पण या खेपेला मोजून. वि. वि.

गौरीला माहेरी आले होते. तुझ्याकडे नाही, काशिरामकडे. कोमलने रजा काढून आणलं. त्याच्या बायकोने, मैनाने, पाट मांडला, ओवसा म्हणून भरलेलं सूप माझ्या हातात दिलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काशिरामपुढे हात जोडले तर तो घाबरून चष्मा शोधायला लागला. चष्मा नाकावरच होता.

धक्क्यावर गप्प का राहिलास, असं मी विचारलं. म्हणाला, माहेरवाशिणीचं नाव त्या गर्दीत कशाला? हे ऐकून मला पदर डोळ्याला लावावा लागला. कोमलला सांगितलं होतं हे गाळ, तिने गाळलं नाही.

तेलाचा त्याला राग नाही. पण चोर हा शब्द सगळ्यांसमोर धक्क्यावर पडलाय, तो तिथूनच उचलायला हवा, असं म्हणाला. घरी येऊन माफी मागितलीस तर तो दार उघडणार नाही, मैना उघडेल आणि चहा देईल, तेवढंच.

उरलेली बाटली त्याला देऊन आले. त्याच्या जुन्या स्कूटरला ती बरोब्बर चालते. त्याच गाडीवरून त्याने मला एस्टीच्या थांब्यावर सोडलं, कोमल मागून चालत आली. या वयात मी मागे एका अंगाला बसून, सगळ्या गल्लीत धूर! तुझ्या दारावरून गेलो तेव्हा तू जाळ्यात मान घालून बसला होतास. ऐकू येत नाही, मान्य. पण तेलाचा वास तर आला असेल? मी हाक मारली नाही.

पहिलं तेल बहिणीचं असतं ना? मग पहिला शब्द भावाचा. माझं नाव घे, पण तुझ्या नावानंतर.

ते केलंस की माया होती तेवढी पुन्हा मिळेल, थोडी जास्तच.

तुझी ठमाबाय (अंगठा)


मोरा, उरण
११ सप्टेंबर २०२५

ती. ठमाबाय हीस दयारामचा दंडवत. वि. वि.

परवा धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असताना उभा राहिलो. काशिराम चोर नाय, मी खोटं बोललो, तेल चुकीचं हाय हे ठाऊक असून मीच घालायला लावलं, असं सांगितलं. मग तुझंही नाव घेतलं. मला माझा आवाज कळत नाय. भावेश बोलतो की पलीकडच्या करंजा बंदरापर्यंत गेला असेल. लोक काय बोलले ते ऐकू आलं नाय, पण तोंडं दिसत होती. मान वर करून बघणं जड गेलं. काशिराम मागे बर्फाच्या खोक्यांपाशी उभा होता. तसाच निघून गेला.

पुढल्या पुनवेला तेल पाठव, बाय, चुकवू नको. खोबरेल पाठव, आमा दोघांच्या डोक्याला.

आमा दोघांच्या असं लिवलं, कारण काल इंजिन दुरुस्त होऊन आलं. आज सकाळी मी एकटाच तेल कालवायला बसलो होतो. काशिराम आला नि माझ्या हातातून कॅन घेतला. होडीच्या तेलाची नवी बाटली उचलली नि तिच्यावरचं अक्षर न् अक्षर माझ्या कानाशी ओरडून वाचलं. सगळा धक्का बघत होता. मी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं कालवलं, नेमकं.

होडीत चढला नाय. पण मी लांब जाईपर्यंत कॅन हातात धरून धक्क्यावर उभा होता.

बाय, तुझ्या मायेची सावली आमा दोघांवर पडू दे.

तुझा दयाराम