नर फुलाची तपासणी

३ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काचघरातल्या भोपळ्यांनी यंदा तोंडचे पाणी पळवले आहे. मादी फुले येतात, पाकळ्यांखालचा इवला भोपळाही दिसतो; मग तो पिवळा पडून गळतो. आत मधमाश्या नाहीत, म्हणून नर फूल मादी फुलाला लावायचे काम सूनबाई करते. ही म्हणते, तिच्या हातालाच यश नाही. जिची कूस उजवली नाही, ती वेल काय उजवणार? तिला कायमची माहेरी धाडायचे घाटते आहे. तू जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेस. तुझा शब्द घरात चालेल. गळलेली फुले सोबत आहेत. लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ओल्या कागदात गुंडाळलेल्या फुलांचा इथे पोचेपर्यंत चिखल झाला. शिवाय सगळी मादीच. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही तुझी जुनी खोड. नर फुले कोरडी, वेगवेगळ्या डब्यांत पाठव. ती कशी ठेवतोस तेही लिही. मला संशय आहे, परंतु संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे. तो आज कागदावर उतरवणार नाही. प्रकृतीस जप, हस्ताक्षरासही.

अक्का

२८ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पराग पोकळ आहेत. तूच लिहिल्याप्रमाणे नर फुले आदल्या संध्याकाळी तोडून तू काचघर तापवणाऱ्या गरम नळावरच्या फळीवर ठेवतोस. तिथे पराग भाजून मरतात. मादी फुले निर्दोष आहेत, सूनबाईचा हातही. माणसांतही हाच क्रम पाळावा: आधी चिरंजीवांची तपासणी, मग सुनेचा निवाडा. हे पत्र तुझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखव.

अक्का

६ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

निदान अचूक. फळी हलवली आणि भोपळे धरले. सूनबाई मात्र तुझे पत्र येण्याआधीच गेली. तुझ्या पहिल्या पत्रात तिच्याविषयी अवाक्षर नव्हते. ही म्हणाली, शिकलेल्या नणंदेला बाजू घ्यायची असती तर घेतली असती. माहेरीही तिला ठेवून घेतले नाही. कुठे आहे, ठाऊक नाही. चिरंजीव तपासणीला तयार नाहीत. दुसरीकडे बोलणी चालली आहेत, मुलगी धडधाकट आहे. तिच्या माणसांची ये-जा असते, तेव्हा तो विषय पत्रात काढू नकोस. लोभ ठेव.

धाकटा

११ एप्रिल

धाकट्या,

त्या मुलीच्या वडिलांचा पत्ता मिळवला आणि तुझ्या घरात कोणाची तपासणी झालेली नाही, एवढेच त्यांना कळवले. सूनबाईला माहेरच्या पत्त्यावर लिहिलेले पत्र न फोडता परत आले. संशय मी नऊ मार्चलाच लिहू शकले असते. चुकला असता, तर माझे नाव तेवढे गेले असते.

तुझी लोभाची मागणी या खेपेस पुरी करत नाही.

अक्का