खाला, तू माझी बोटं सोडवलीस

खाला,

काल कामथडीला घरी लेकीनं मोबाईलवर एक जुना परदेशी सिनेमा लावला. लढाई संपलेली, शहराच्या नुसत्या विटा उरलेल्या, आणि आईपासून तुटलेलं एक मुकं झालेलं पोर. एक शिपाई त्याला खाऊ घालतो, एकेक शब्द शिकवतो; तिकडे त्याची आई छावण्या पालथ्या घालत हिंडते. लेक म्हणाली, "आई, रडतेस काय? सिनेमाय तो." तिला काय सांगू? मला तुझं स्टँडाजवळचं बांगड्यांचं दुकान दिसत होतं.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची वाडी दोन ट्रकांत बसून निघाली. भोरला स्टँडावर मी पाणी प्यायला उतरले आणि दोन्ही ट्रक गेले. आईला वाटलं मी बापाजवळ, बापाला वाटलं आईजवळ. तू विचारलंस, "कुठली गं तू?" मी म्हणाले, "वाडीची." पुढं कितीतरी दिवस तोंडातून शब्द नाही. तू पोलिसांत सांगितलंस, येणाऱ्या-जाणाऱ्या कंडक्टरांना विचारलंस, पण वाड्या काय थोड्या आहेत? मग तू मला मांडीवर घेऊन बांगड्या दाखवतेस. "ही हिरवी. म्हण." मी नुसती बांगडी फिरवत बसते. "बरं, उद्या म्हण." एका सकाळी तू भाकरी थापत असतेस आणि मी म्हणते, "आये, भूक." तुझा हात परातीतच थांबतो. "खाला म्हण गं. आय तुजी येनार हाय."

सुगी उरकल्यावर ती आली, गावोगाव विचारत, टाचा फुटलेल्या. "म्या हाय गं, तुजी आय." मी तुझ्या मागं लपले, पदर घट्ट धरला. तू एकेक बोट सोडवलंस. "जा. लई हिंडलीया ती." मग तिला म्हणालीस, "चार दिस ऱ्हावा हितंच. तुमची सवय हुंदे तिला." त्या चार दिवसांत तू मला एकदाही जवळ घेतलं नाहीस. हाक मारली की दुकानात काहीतरी काम काढायचीस. तो राग मी लग्न होईपर्यंत बाळगला. काल पोराकडं बघणाऱ्या त्या शिपायाचा चेहरा पाहिला, आणि तुला ते चार दिवस कसे गेले असतील ते कळलं.

आता हे पत्र टाकू कुठं? तू नाहीस, आईही नाही, म्हणून सांगते. कुणी माहेर विचारलं की माझ्या तोंडून अजून भोरच येतं. एकदा आईसमोरच आलं. मी जीभ चावली. विचारणारी बाई तिच्याकडं बघायला लागली, तशी आईच म्हणाली, "व्हय, भोरच."