उलटे महिने

लौटोका,
गुरुवार

प्रिय माकेरेता,

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, दोघींनाही ऐकू काहीच येत नाही. म्हणून हे पत्र. शेजारच्या रामरतीची सून उद्याच्या विमानाने ॲडलेडला येते आहे, तिच्या हाती पाठवते. शनिवारी तू कामावरच्या वृद्धाश्रमातली सगळी म्हातारी मंडळी टीव्हीसमोर बसवशील, त्याआधी हे वाचून टाक. भांडी घासता घासता वाचू नकोस, बसून वाच. विषय तुझ्या लेकाचा, नेमानीचा आहे, आणि त्याच्या डोक्याचा.

हंगाम कसा चाललाय ते तुला ठाऊकच आहे. फेब्रुवारीपासून ही पोरं एक आठवडा पर्थला, एक आठवडा ड्युनेडिनला, मधेच टोंगा, आणि परत आली की आमच्या बेटावरच्या उन्हात ऐंशी मिनिटं एकमेकांवर आदळायचं. कुणाच्या डोक्यातून निघाली ही रग्बीची लीग, देव जाणे. पण आपण शनिवारी जिंकलो तर पहिल्या सहांत, म्हणून सगळ्या गावाला ताप चढलाय. फादरसुद्धा प्रवचनात गुणतक्ता समजावून सांगतात. चर्चमध्ये मिस्सा संपला की बायका तुझ्या मुलाचे दंड चाचपतात. मी सदतीस वर्षं मुलांना शिकवलं, एकाचंही डोकं कुणी चाचपून पाहिलं नाही.

जानेवारीत, सराव सुरू व्हायच्या आधी, नेमानी रविवारी जेवायला आला आणि म्हणाला, "मोठी आई, मला महिने उलटे म्हणायला शिकव. डिसेंबरपासून मागे." मी विचारलं, कशाला? तर म्हणे, "कोच सांगतात, मेंदू चपळ हवा." माकेरेता, मला किती आनंद झाला सांगू. या रग्बीवाल्यांना मानेच्या वरही काही असतं याचा शोध लागला म्हणायचा! मी पोराला सोडलं नाही. दर रविवारी मासा आणि अळूचं रोउरोउ पोटात गेलं की टेबलावर लाकडी चमचा आपटत घोकून घ्यायचे, कॉन्व्हेंटात सिस्टर आपल्याकडून घ्यायच्या तसंच. महिने झाले, मग आकडे उलटे, मग दहा-दहा शब्दांच्या याद्या. याद्या तोच आणायचा, कागदावर लिहून. पाच-सहाच होत्या. कुठून आणतोस, असं मी विचारलं नाही. वर्गात कुणी पेन्सिल जरी जास्त आणली तरी विचारणारी मी, पण हे विचारलं नाही. रामरती कुंपणापलीकडून ओरडायची, "टीचर, पोराला रग्बी खेळायचीय, पंचांग नाही लिहायचं!"

ड्युनेडिनचा सामना तू पाहिलास. समोरच्याच्या गुडघ्यावर याचं डोकं आदळलं, हा उताणा पडला, आणि दोन्ही हात हवेत तसेच ताठ राहिले. त्याला आत नेलं. बारा मिनिटांत परत आला आणि आपला भाऊ विल्यामे खुर्चीवर चढून नाचला. "पाहिलंस ताई? आपलं रक्त आहे! आमच्या वेळी डोकं फुटलं तर मीठपाणी लावून पुन्हा उतरायचो." मी म्हटलं, म्हणूनच डोक्यावरचा चष्मा तू घरभर शोधत फिरतोस. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

त्यानंतरच्या रविवारी तो आला तेव्हा खिडकीचे पडदे ओढून बसला. उजेड टोचतो म्हणाला. मी महिने विचारले, एका दमात म्हणाला, डिसेंबर ते जानेवारी, एक चूक नाही. जेवला. ताटात फक्त काटे उरले होते, आणि त्याने हात जोडून विचारलं, "मोठी आई, प्रार्थना म्हणायची ना?" मी म्हटलं, अरे, म्हणून झाली, तूच म्हटलीस. तो हसला. भांडी उचलली, आणि दाराशी वळून पुन्हा तेच विचारलं.

मी स्वतःला सांगितलं, पोर दमलंय. चार देशांची विमानं आहेत पायाखाली.

मग मे महिन्यात क्लबने घरच्या लोकांना मैदानावर बोलावलं. तंबू, केक, लहान मुलांच्या उड्या. त्यांची डॉक्टरीणबाई, सुव्हाची तरुण, शहाणी मुलगी, आम्हाला समजावत होती की डोक्याला मार लागला तर ते खेळाडूला आत नेऊन तपासतात. सरळ रेषेवर चालायला लावतात. आकडे उलटे विचारतात, दहा शब्द लक्षात ठेवायला सांगतात. आणि महिने, डिसेंबरपासून मागे. मग ती आमच्याकडे वळून हसत म्हणाली, "आणि तुमचा नेमानी! ड्युनेडिनला एवढा मार बसला, तरी एक शब्द चुकला नाही. कुणी शिकवलं या मुलाला?" विल्यामेने माझ्याकडे बोट केलं. तंबूतले सगळे टाळ्या वाजवायला लागले. आणि मी, जिने शाळेत एका खोट्यासाठी मुलांना दिवसभर उभं केलं, मी मान झुकवून त्या टाळ्या घेतल्या.

डॉक्टरीणबाईला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी त्याच्याशी बोलू म्हटलं, आणि तसं बोलण्यात आणखी दोन सामने गेले. दुसऱ्यात पुन्हा टोला बसला. या वेळी तो पडलासुद्धा नाही, म्हणून कुणी आतही नेलं नाही. नुसता चुकीच्या टोळक्यात जाऊन उभा राहिला, समोरच्या संघाच्या निळ्या जर्सीवाल्यांत. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय.

मग मी त्याला समोर बसवलं. तो रागावला नाही, माकेरेता, रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "माझ्या जागेसाठी सहा जण टपलेत. पुढच्या वर्षीचा करार आता उरलेल्या सामन्यांवर ठरणार. गावाने बस ठरवलीय, मोठी आई. मी कसा सांगू, मला कधीकधी घरचा रस्ता आठवत नाही म्हणून?" आणि मग, "देव बघतोय, काही होणार नाही." मी म्हटलं, देव बघतोय, पण तपासणीच्या खोलीत तो नसतो. तिथे मी जाऊन बसले आहे, माझा चमचा घेऊन.

काल सकाळी मी बसने मैदानावर गेले आणि डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. याद्यांमधले शब्द म्हणून दाखवले. मग तिने नेमानीला बोलावलं आणि माझ्यासमोरच विचारलं, आज सकाळी न्याहारीला काय खाल्लंस? इथे कुणाबरोबर आलास? तुझी ही मोठी आई राहते त्या रस्त्याचं नाव काय? तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटत होतं मी ओठ हलवून सांगेन. तो शनिवारी खेळणार नाही. या हंगामात नाही, आणि पुढचं सुव्हाचे मोठे डॉक्टर पाहिल्यावर ठरेल. विल्यामे काल येऊन अंगणातूनच ओरडून गेला, "घरचाच माणूस घात करतो!" मिस्सालाही आता माझ्या बाकावर कुणी बसणार नाही. बसू नये. रामरती तेवढी रोट्या घेऊन आली आणि एकही अक्षर न बोलता बसून राहिली, ते तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असेल.

पण हे मी मन हलकं करायला लिहीत नाही. आज कळलं की फ्रान्समधल्या कुठल्याशा लहान क्लबचा एक दलाल त्याच्या मागे आहे. इथलं तिकडे कुणाला कळायच्या आत निघायचं, तिकडे नवे डॉक्टर, जुन्याच याद्या. नेमानी माझं आता ऐकणार नाही, विल्यामे त्याची बॅग भरून देईल. राहिलीस तू. तुझ्या आशीर्वादाशिवाय तो विमानात चढणार नाही, तेवढा तो अजून तुझाच आहे. रविवारी तो फोन करेल. मी त्याचा घात केला असं सांगेल, त्यावर विश्वास ठेव. मग म्हणेल, आई, मी ठणठणीत आहे, ऐक, आणि महिने म्हणून दाखवेल. म्हणू दे. झाले की एवढंच विचार, "गेल्या रविवारी मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?" आणि गप्प राहा. तुझा जीव तुटेल, आठवण करून द्यावीशी वाटेल. देऊ नकोस. त्याला स्वतःलाच ऐकू येऊ दे.

तुझीच,
तोरिका