भिंतीपलीकडचा वड

प्रिय आई,

मोठ्या वडाखाली उभं राहिलं की प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच: यातलं मूळ खोड कोणतं? लालबागच्या आपल्या बागेतल्या वडाबाबत हा प्रश्न गेले काही महिने सरकारदरबारी अडकला होता. काल तो सुटला. वड वाचला, आई. ही बातमी सर्वांत आधी तुला द्यावी म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस आणि पाठोपाठ बागेलगतच्या मोकळ्या भूखंडावर टोलेजंग इमारतीची सूचना लागली. गाड्यांसाठी तळघर, तेही थेट बागेच्या भिंतीला खेटून. नकाशात भिंतीच्या आत एक हिरवा गोल होता, बाहेर दुसरा. आतल्यासमोर लिहिलं होतं ‘जतन’, बाहेरच्यासमोर ‘तोडणे’. मी त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवली.

आता तुझी वनस्पतिशास्त्र शिकवणारी लेक थोडं समजावणार, ऐकून घेशील ना? वडाच्या फांदीतून पारंबी सुटते, जमिनीला टेकते, माती धरते आणि वर्षानुवर्षं जाड होत हुबेहूब खोडासारखी दिसू लागते. फांदीला ती टेकू देते, पाणीही पुरवते. भिंतीबाहेरचं ते ‘दुसरं झाड’ म्हणजे आपल्याच वडाची पारंबी. ती तोडल्यावर भिंतीवरून पलीकडे गेलेली फांदी कशाच्या आधाराने राहणार? आणि त्या बाजूची मुळं खणून काढल्यावर उरलेला वड तरी किती पावसाळे तग धरणार?

सुनावणीला मी आकृत्या घेऊन गेले. अधिकारी सभ्य होते, पण म्हणाले, “मॅडम, नकाशात झाडं दोन आहेत.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, तेवढ्यात आपल्या शेजारच्या सुमनकाकू उठल्या.

“अहो साहेब, दोन असती तर आम्ही दोन पूजा नसत्या केल्या? वटपौर्णिमेला आम्ही मागच्या दाराने बाहेर पडतो, त्या खोडाला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत येतो. सूत भिंतीवरून पलीकडे देतो. हिच्या आईची शिस्त आहे ती. येऊन बघा की.”

आठवतं, बायका तुझ्यावर किती वैतागायच्या? “माई, उन्हातून एवढा फेरा कशाला? आतल्या आत सात होतात.” त्यावर तू शांतपणे म्हणायचीस, “अर्ध्या वडाभोवती फिरून पूर्ण आयुष्य मागता होय गं?”

साहेब खरोखरच पाहणीला आले. विटलेलं सूत दोन्ही खोडांना धरून होतं. पलीकडच्या खोडावर हात ठेवून त्यांनी मान वर केली. ते खोड सरळ फांदीला खालून जाऊन मिळत होतं. “एकच आहे की हो हे,” ते म्हणाले. कालच्या आदेशात वडाची नोंद एकच झाड अशी आहे, आणि खोदकाम त्याच्या मुळांपासून पुरेसं दूर सरकवलं आहे. इमारत होईल, होऊ दे. कितीतरी दिवसांनी काल मी निर्धास्त जेवले.

एक तक्रार मात्र आहे. पारंबीचं शास्त्र मी पुस्तकातून शिकले. झाड कुठवर पसरलंय, हे तुला कुणी सांगितलं होतं? विचारायचं राहूनच गेलं.

वचन देते, येत्या वटपौर्णिमेला चाळीतल्या नव्या सुनांना मी पूर्ण फेरा घालायला लावीन. त्या कुरकुरल्या, तर एक प्रयोग सांगीन. भर दुपारी कुठल्याही जुन्या वडाच्या सावलीच्या कडेवर उभं राहायचं, आणखी थोडं बाहेर जायचं आणि गवत नसलेल्या जागी बोटाने माती उकरायची. केसांसारखी मुळं हाताला लागली, तर समजायचं, आपण अजून झाडातच उभ्या आहोत.

तुझीच,
नलू