पंखातला दाणा

३ मार्च, रविवार
डावा पंख आज बंद झाला! चौदा फासळ्या, सगळ्या माझ्या हातच्या. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही — आणि तेही कुठल्या कॉलेजात न जाता. जुनं विमान जोडणाऱ्या आमच्या हौशी मंडळाचा नियम, आपलं काम आपण तपासायचं नाही. दुसऱ्याने बघून फळ्यावर सही करायची. पण माझं काम बघणार कोण? मंडळातले दाताचे डॉक्टर? शेवटचं आत डोकावून मीच पाहिलं, सही मीच ठोकली. मग शिवणवाल्या बाईंनी कापडाचा शेवटचा टाका घातला. शेडच्या दारातून ऊन आलं आणि पंख आतून उजळला. फासळ्या पानाच्या शिरांसारख्या दिसत होत्या. बराच वेळ नुसता उभा होतो.

४ मार्च
चष्म्याची काडी निखळली. स्क्रू गायब. दोऱ्याने बांधली. बायको म्हणाली, साठ वर्षांचं विमान जोडताय आणि नाकावरचा चष्मा जोडता येईना.

१० मार्च, रविवार
रोगणाचे तीन हात झाले. कापड ढोलकीसारखं ताणलंय. टिचकी मारली — टण्ण! आमचे वैमानिक कॅप्टन चोवीस तारखेला उडवणार. पहिली फेरी एकटे, दुसऱ्या फेरीला मागच्या सीटवर कोण, ते फळ्यावर लिहिलंय: मिलिमीटरराव. म्हणजे मी. चेष्टेने म्हणतात, पण म्हणतात. घरी येताना उतारावर सायकलचं हँडल सोडून दोन्ही हात पसरले. या वयात!
मी आजवर एकदाही विमानात बसलेलो नाही. हे मंडळात कुणाला ठाऊक नाही.

१६ मार्च
पंख धडाला जोडायला उचलला, जरा तिरपा झाला. बाई म्हणाल्या, थांबा, आत काहीतरी आहे. ढोलकीवर तांदळाचा दाणा घरंगळावा तसा आवाज. मलाही आला. तरी म्हणालो, लाकूड आहे, वाळताना बोलतं. अवजारं टांगायची पाटी दाखवली — एकही जागा रिकामी नाही, म्हणजे आत काही राहिलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा शब्द! बाई तेवढ्या माझ्या कानाकडे बघत राहिल्या. कानाला काय झालंय माझ्या?

१७ मार्च, रविवार
पहाटे स्वप्नात उडत होतो. खाली दुलईसारखे ढग, पुढे कॅप्टन शीळ घालताहेत. आणि पंखात तो दाणा घरंगळतोय, सावकाश, कप्पीकडे. त्या कप्पीवरून पंखाची तार जाते. तिथे अडकला की विमान वळणार नाही. कॅप्टनना सांगायला तोंड उघडलं, आवाज फुटेना.
जागा झालो. चष्म्याकडे हात गेला. बोटाला दोरा लागला.

तसाच शेडवर गेलो. बाई कात्री घेऊन बसलेल्या. मी यायची वाटच बघत होत्या.
"तीन तारखेला चष्मा धड होता तुमचा," म्हणाल्या. "तुम्हीच कापा. शिवायला मी आहे."
कापलं. चष्म्याचा स्क्रू कप्पीपासून चार बोटांवर होता.
मंडळ जमल्यावर सगळ्यांना दाखवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२४ मार्च, रविवार
उड्डाण नाही. रोगण पुन्हा वाळतंय. फळ्यावरची माझी सही पुसली, तिथे बाईंनी केली. मागच्या सीटवरचं माझं नावही पुसलं, त्यांचं लिहिलं. त्यांनी हळूच विचारलं, वर गेल्यावर कसं वाटतं हो?
म्हणालो, "खाली आलात की मला सांगा. मी कधी गेलो नाही."