आठ हजारांची सवलत आणि उलटा जोसेफ

टोलेडो, ओहायो
सोमवार, ३ मे २०१०

ती. बर्निसताईस,

धाकट्या कॅझचा नमस्कार. भाऊजींचा पाय आता कसा आहे? फ्लोरिडात तुम्हाला ऊन मिळतंय, संत्री मिळताहेत, आणि आमच्यापासून बाराशे मैलांचं अंतर मिळतंय, तेव्हा तब्येती उत्तम असणारच. आम्ही सगळे ठीक. लॉरेनची पाठ पूर्वीसारखीच, आणि तिची आई, माझ्या सासूबाई, त्याहून ठीक, म्हणजे चौऱ्याऐंशीव्या वर्षीही दुकानाच्या दारात घडीची खुर्ची टाकून रस्त्यावरच्या प्रत्येकाची हजेरी घेतात.

आधी हिशेब सांगतो, मग गोष्ट. पहिलं घर घेणाऱ्याला सरकार करातून आठ हजार डॉलर परत देतं, ते आपल्या पॅट्रिसला मिळवून देण्यासाठी लागलेला खर्च असा : घराच्या किमतीत वाढ डॉलर सहा हजार, लसणाचं सॉसेज दोन पौंड (कुत्र्याला), माझी रविवारची पॅंट एक (गुडघ्यात फाटून), आणि शेवटची एक मोठी बाब आहे, ती पत्रात तिच्या जागी येईल. तरी फायदाच झाला असं मी धरून चाललो आहे. तू आकडेमोड करू नकोस.

तुला माहीतच आहे, पॅट्रिस आणि जावई ग्लेन दोन वर्षांपासून दुकानावरच्या माळ्यावर आमच्यातच राहतात. पाच माणसं, एक न्हाणीघर. ग्लेन पोल्का बँडमध्ये अकॉर्डियन वाजवतो, आणि त्याच्या मते घरात सूर घुमतो तो फक्त न्हाणीघरात. म्हणजे सकाळी मी पोटाशी हात धरून दाराबाहेर उभा आणि आत लग्नाच्या वरातीची तालीम. त्यात जूनमध्ये पॅट्रिसचं बाळ यायचंय. तिने एक दिवस शांतपणे सांगितलं, "बाबा, बाळाचा पाळणा ठेवायला जागा फक्त सॉसेज टांगायच्या खोलीत आहे." माझं पहिलं नातवंड धुरी देऊन वाढवायचं का? मी त्याच दिवशी ठरवलं, पोरीला घर घेऊन द्यायचं, आणि सरकारी पैशाने द्यायचं.

या योजनेचं कलम न् कलम मला पाठ. टोलेडोत दुसरा माणूस दाखव. कराराची सही तीस एप्रिलच्या आत, तीन वर्षांत नवराबायको दोघांच्याही नावावर राहतं घर नको, आणि रक्कम किमतीचा दहावा हिस्सा, जास्तीत जास्त आठ हजार. दर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता मी हे लोकांना समजावत असे. म्हणायचो, माझ्याकडे बघा, सॉसेजच्या दुकानात फरशी पुसायला लागलो, आज तेहतीस वर्षं स्वतःच्या छपराखाली राहतोय; मी सांगतो ते ऐका. लोक ऐकत. दुर्दैवाने आयरीन कुख्ताही ऐकत असे.

आयरीन म्हणजे समोरच्या पिवळ्या घरातली विधवा. तिला घर विकून मुलाकडे जायचं होतं. घर चौऱ्याहत्तर हजारांना काढलेलं, तीन खोल्या, दोन न्हाणीघरं (हे वाक्य लिहिताना अजून डोळे भरून येतात). मी बोलणी करायला गेलो तर म्हणते, "कॅझ, तूच ना सांगितलंस, दहावा हिस्सा मिळतो? मग चौऱ्याहत्तरच्या घराला सातच हजार चारशे मिळणार. तुझ्या पोरीचं सहाशेचं नुकसान मला बघवेना रे. मी किंमत ऐंशी केली." आणि ताई, ती हे इतक्या मायेने म्हणाली की मी तिचे आभार मानून घरी आलो. जिना चढताना सातव्या पायरीवर मला ते गणित कळलं.

तिथेही निभावलं असतं, पण आयरीनने संत जोसेफला कामाला लावलं. आपल्या आईने नव्हतं का काकांचं घर विकताना अंगणात जोसेफची मूर्ती पुरली, डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडे? म्हणे उलटं राहून संत वैतागतो आणि सुटका व्हावी म्हणून गिऱ्हाईक आणतो. आयरीनने तसाच जोसेफ टपालपेटीशेजारी पुरला, आणि चार दिवसांत ट्रेव्हर आणि मॅलरी नावाचं एक जोडपं उगवलं. दोघं सायकलवरून येत, दोघांच्या अंगावर एकसारखी जाकिटं, आणि दोघांनाही सगळंच "गोड" वाटे. गटारसुद्धा. दोन आठवड्यांत ते तीनदा येऊन गेले. आमच्या पॅट्रिसचं कर्ज तर अजून बँकेच्या टेबलावरच. मला स्पष्ट दिसलं, संत त्यांच्या बाजूने उलटा झालाय.

मग पंचवीस तारखेच्या रविवारी मी गुडघा दुखतो असं सांगून नऊच्या प्रार्थनेला गेलो नाही. (गुडघा तेव्हा दुखत नव्हता. आता दुखतो. देव उधारी ठेवत नाही.) सगळी गल्ली चर्चमध्ये, मी खुरपं घेऊन आयरीनच्या अंगणात. तिच्या कुत्र्याने सॉसेज खाऊन तोंड बंद ठेवलं, पण दुसरा पौंड संपेपर्यंतच. जोसेफ कोपरभर खोल होता. तो काढला, माती सारखी केली, शर्टात घालून रस्ता ओलांडला, आणि बघतो तर खुर्चीत सासूबाई. चर्चमध्ये थंडी वाजते म्हणून त्याही गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "जावईबापू, पोटाला काय झालंय? कोपरं फुटलीत." मी म्हटलं, गॅस. आणि हाताशी आली ती जागा म्हणून संताला दारातल्या जिरेनियमच्या कुंडीत खुपसलं. सुलटा घातला तर डोकं फुलांतून बाहेर येऊन लोकांकडे बघायचं. म्हणून उलटा घातला. घाईत तोंड कुठे झालं ते पाहिलं नाही.

दुकानाकडे झालं होतं.

मंगळवारी ट्रेव्हर-मॅलरी आले ते आयरीनच्या घराकडे मान न वळवता थेट आमच्या दाराशी. मॅलरी म्हणाली, काय गोड विटा आहेत! ट्रेव्हर म्हणाला, हा वास कसला, गोड आहे! मी काउंटरवरून कान टवकारून ऐकत होतो. खाली सायकलींचं दुकान, वर राहायचं, त्यांचंही पहिलंच घर, त्यांनाही तीच सवलत, त्यांनाही तीच मुदत. ग्लेनचं अकॉर्डियन सुरू झालं तेव्हा मला वाटलं, आता पळतील. ते टाळ्या वाजवायला लागले.

थोडक्यात सांगतो. शुक्रवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता पॅट्रिसने पिवळ्या घराच्या करारावर सही केली, कारण संत गेल्यावर तिथे कुत्रंही फिरकलं नाही (आयरीनचं सोडून). आणि दुपारी दोन वाजता आमची इमारत ट्रेव्हरला विकली गेली. व्यवहार म्हणजे व्यवहार, माणसाने भावनेत अडकू नये. पेन माझंच होतं. एका मूर्तीत दोन घरं! आपल्या घराण्यात एवढं कुणी केलंय का सांग. बाळाला खोली मिळाली, आणि खरं सांगू, पॅट्रिस त्या रिकाम्या खोलीत उभी राहून रडली, तेव्हा मला खुरप्याची लाज वाटली नाही.

रीतीप्रमाणे घर विकल्यावर संताला बाहेर काढून मान द्यायचा असतो. काल आयरीन फावडं घेऊन बसली. टपालपेटीशेजारी नाही, म्हणून पायरीशी, तिथे नाही, म्हणून झाडाखाली. संध्याकाळपर्यंत पॅट्रिसच्या नव्या अंगणात बटाटे लावता आले असते. शेवटी तिने फादरना बोलावून जाहीर केलं की जोसेफ सदेह स्वर्गात गेला. फादरनी अंगण पाहिलं, माझी पॅंट पाहिली, आणि शनिवारी पापनिवेदनाला ये, म्हणाले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
कॅझ

ता. क. १ : पिवळ्या घराचं तळघर ग्लेनने अकॉर्डियनसाठी घेतलं आहे. सासूबाई पॅट्रिसकडच्या तिसऱ्या खोलीत जाणार. उरलो मी आणि लॉरेन. तुमचं इथलं घर रिकामंच आहे, किल्ली शेजारी आहे. तुम्ही जूनमध्ये परत यायचं म्हणत होतात, पण घाई कशाला? फ्लोरिडाचा उन्हाळा हाडांना फार चांगला, असं ऐकतो.

ता. क. २ : कुंडी बरोबर आणतोय. काळजी नको, तुमच्या दारात संताला सुलटा ठेवीन.

ता. क. ३ : हे लॉरेनला कळवू नकोस. आज सकाळी कर भरून देणाऱ्या माणसाकडे पॅट्रिसचे कागद घेऊन गेलो होतो. त्याने सहज विचारलं, कॅझ, तुझ्या नाहीतर लॉरेनच्या नावावर कधी घर होतं का? मी म्हटलं, नाही, इमारत सासूबाईंची, सहीही त्यांनीच केली. म्हणाला, मग तुम्हीच दोघं एखादं घर का नाही घेतलंत? तुम्हालाही आठ हजार मिळाले असते.

मुदत शुक्रवारी संपली.