बाटलीतली रिकामी जागा

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. दोन ट्रंका, एक गादी आणि दोन कुरकुरणारे गुडघे, एवढा संसार घेऊन लेकाकडे कायमची राहायला आले. जिन्यात लेक माझा हात धरायला लागला, तर म्हटलं गादीला धर, ती माझ्यापेक्षा थकलीय. घर झकास आहे. तीन खोल्या, नळाला चांगला जोर, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. शेजारीण येऊन डोकावून गेली. तिला वाटलं मी चार दिवसांची पाहुणी. गादी बघितल्यावर तिचं तोंड जरा उतरलं.

मला अक्षर ओळखता येत नाही. मी सांगते आणि नात लिहिते. सातवीत आहे, अक्षर टपोरं आहे म्हणतात. सात महिन्यांपूर्वी तिची आई, म्हणजे माझी सून गेली, तेव्हापासून पोरगी जेवढ्यास तेवढं बोलते. तोंड उघडत नाही, निदान वही तरी उघडेल, म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की हा घाट. मास्तरीणबाई, हेसुद्धा लिहायचं. गाळायचं नाही.

४ फेब्रुवारी

मागच्या खोलीच्या खिडकीला पिवळा कागद लावलाय आणि आत दिवाही पिवळा. तिथे गेलं की सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. लेकाला विचारलं तर तासभर सांगत बसला. तो ज्या कारखान्यात आहे तिथे पॉलिमरचं एक द्रावण करतात. उजेड पडला की ते दगडासारखं घट्ट होतं, त्यातून छपाईचे ठसे निघतात. पिवळा उजेड तेवढा त्याला चालतो. पण काळ्या बाटलीत, गारव्यात ठेवलं तरी तीन महिन्यांत ते आपसूक आळतं आणि फेकून द्यावं लागतं.

सूनही तिथेच द्रावण मिसळायच्या कामावर होती. तिने केलेल्या शेवटच्या घाण्यातल्या दोन बाटल्या लेकाने घरी आणून ठेवल्यात. सात महिने झाले, अजून पाण्यासारखं वाहतंय. तिने त्यात काय घातलं ते कुठल्याच वहीत नाही. वर्षभर टिकलं तर कारखाना तिची रीत शोधून काढेल, तिच्या नावाने चालवेल, असं लेक म्हणतो. रोज संध्याकाळी तळाला भोक असलेल्या पेल्यातून ते ओततो आणि घड्याळ लावतो. आज बावीस सेकंद. बावीस म्हणजे पातळ, चांगलं; आकडा वाढला तर आळायला लागलं. बावीस आलं की माणूस दोन पोळ्या जास्त खातो.

९ फेब्रुवारी

नात शाळेतून आली की आधी त्या खोलीत जाते. आज मी मागून गेले. बाटलीशी बोलत होती. बाई कशावरून रागावल्या, कोणाचा डबा सांडला. मधूनच तळातून एक बुडबुडा निघायचा, निम्म्यात थांबायचा, ऐकल्यासारखा, मग वर जायचा. दिव्यासमोर धरली की काचेतून एवढं दिसतं.

मीही गंमत केली. विचारलं, काय सूनबाई, चहात साखर किती घालू? दोन बुडबुडे आले. ती दोनच चमचे घ्यायची.

मी हसले. मग बाहेर येऊन जरा बसले.

१४ फेब्रुवारी

काचेला आतून एक पातळ साय धरलीय. तिच्यावर रेषा आहेत, बारीक, गोल गोल. लेक म्हणाला धूळ गेली असेल. मी माझा अंगठा दिव्यासमोर धरला आणि दोन्ही शेजारी बघितलं. मला अक्षर कळत नसेल, पण आयुष्यभर अंगठाच उठवत आलेय. तो बोटाचा ठसा आहे.

पण आज जेवताना पोरगी खळखळून हसली. वरणात माशी पडली एवढंच कारण. लेक हातातला घास तसाच धरून बघत राहिला. म्हटलं, जे काय असेल ते असो. राहू दे बापडं.

१७ फेब्रुवारी

चोवीस सेकंद. लेक जेवला नाही. उद्यापासून तीन दिवस तो दुसऱ्या गावच्या कारखान्यात आहे. बजावून ठेवलंय, झाकण उघडायचं नाही. तपासायला चमचा चमचा नेऊन दोन्ही बाटल्या निम्म्यावर आल्यात. माझ्या डोळ्यांना ते बघवत नाही. अर्धी बरणी हवेने नासते, हे मला कोणी शिकवायला नको.

१८ फेब्रुवारी

पोरगी शाळेत असताना एक काम उरकलं. काय ते आत्ता सांगणार नाही. लेक येऊन खूश झाला की सांगेन.

हाताचा चिकटा जात नाही. तीनदा साबण लावला.

१९ फेब्रुवारी

बुडबुडे नाहीत. नात म्हणते आई रुसली. दुपारभर बसून होती, गोष्टी सांगत. एकही नाही.

टकटक आहे. आतून, नखाने केल्यासारखी. पोरीने झाकण उघडायला हात घातला, मी ओरडले. बाबा येईपर्यंत उघडायचं नाही म्हटलं.

२० फेब्रुवारी

टकटक कमी झालीय. मोजायला गेले — चार. मग बराच वेळ काही नाही. मग एक —

पोरीने खोलीचं दार लावून घेतलंय. मी बाहेरून सांगतेय, ती आतून लिहितेय.

२१ फेब्रुवारी

लेक आला. झाकण निघेना, शेवटी काच फोडली. आत दगड. पिवळट, बाटलीच्या आकाराचा. गळ्याशी — बोटं. वर रेटलेली. त्याखाली एकच बुडबुडा अडकलेला, उघड्या तोंडाएवढा —

एका बाटलीत दोन्हींचं भरलेलं त्याने बघितलं. कोणी भरलं ते विचारलं नाही. बसून राहिला. मग म्हणाला, "आई, त्याला हवा लागते. हवा लागते म्हणून तर ते पातळ राहतं. वरची जागा त्याच्यासाठीच रिकामी सोडतात."

मी काचा वेचायला लागले.

पोरीने ऐकलंच नाही त्याचं. तिला वाटतंय तिच्यामुळे झालं. आईचा चेहरा दिसेल म्हणून तिने एकदा टॉर्च लावला होता. एवढंच म्हणाली. त्यानंतर तोंड बंद. पुन्हा.

२२ फेब्रुवारी

लिही, बाळा. आज सगळं लिहायचं.

टॉर्चने नाही. मी. त्या दिवशी दुपारी. एकीतलं दुसरीत ओतलं, काठोकाठ. टिकावं म्हणून. तू हसायला लागली होतीस म्हणून —

लिही. पुसू नकोस.

झाकण लावलं तर ते वर आलं. आतून. मी अंगठ्याने दाबलं, पुन्हा आलं. वाफ असेल म्हटलं. वाफ नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं, वाफ नव्हती —

माझ्याकडे बघू नकोस. वहीत बघ.

ती बोलली गं. एकदाच. "अहो आई" म्हणाली. जिवंतपणी हाक मारायची तशीच, हळू. आणि मी घाबरले. मी एवढी म्हातारी, मी घाबरले. उघडायचं सोडून मी दोन्ही हातांनी झाकण आणखी —

लिहितेस ना? पोरी, पेन का ठे